सातवं पाणी

दर तिसऱ्या सोमवारी, फजरची नमाज झाली की
मागच्या सीटवर जुनी गोधडी पसरतो
आणि रीहला उचलून आत ठेवतो.
रीह म्हणजे वारा. सलुकी जात, लांब तोंड,
मागचा डावा पाय फेब्रुवारीत काढून टाकलेला.
तीन पायांचा वारा आपला आपण गाडीत चढत नाही.

जहरा ते शुवैख पस्तीस मिनिटं,
धूळ असली तर देवाला माहीत.

दवाखान्यात आमच्या आधी एक पांढरं मांजर असतं,
पंजाला सलाईन, आणि त्याच्या कानाशी
बुरख्यातली एक बाई सारखं काही पुटपुटणारी.
डॉक्टर हाला इजिप्तच्या.
जनावरांचा कॅन्सर, एवढंच शिकायला चार वर्षं परदेशी होत्या.
मी ड्रायव्हर, तरी फोटो मलाच दाखवतात:
फुप्फुस काळं, त्यात ठिपका,
तांदळाच्या कणीएवढा.
मी तो दानाला पाठवतो, मँचेस्टरला. कुत्री तिची.
तिकडून लाल बदाम येतो,
मग बराच वेळ ती काहीतरी लिहीत असते,
मग लिहीत नाही.

औषधाची एक बाटली एकशे ऐंशी दिनार.
माझा पगार एकशे वीस.
सिग्नल हिरवा होईपर्यंत हा हिशेब येतो नि जातो.
रुपयांत मी तो करत नाही.

मंडणगडहून नसीमा विचारते, कुत्र्याला पण होतो?
होतो.
मग केस?
केस राहतात गं, मिशा गळतात.
ती हसली, आणि हसता हसता गप्प झाली.
तिच्या थोरल्या बहिणीचे केस उशीवरून
तिनेच वेचले होते रोज सकाळी.
चिपळूणच्या पुढे न्यायला तेव्हा गाडी मिळेना.
मी इथे होतो, गाडीतच.

आम्ही शाफई. कुत्र्याची लाळ लागली
तर सात वेळा धुवायचं, त्यात एक पाणी मातीचं.
डिकीत पाच लिटरचा कॅन आहे
आणि बिस्किटांच्या डब्यात बाणकोटची तांबडी माती.
इथली वाळू चालते का, हे कुणाला विचारायची लाज वाटली.
एअरपोर्टवर पोलिसाने डबा उघडून वास घेतला,
माझ्याकडे पाहिलं, झाकण लावलं.

सात वर्षं मी हिला हातमोज्यांनी सांभाळलं.
पट्टा, वाटी, गोचीड, सगळं मोज्यांतून.
आणि आता रोवेना, तिथली नर्स,
सुई काढली की मोज्यांचा जोड माझ्याच पुढे धरते:
तीन दिवस जप, भाई. औषध हिच्या मुतात असतं, लाळेत असतं.
म्हणजे तोच मोजा,
एक कारण आजाचं, एक रोवेनाचं.

या सोमवारी सुई नाही लावली.
डॉक्टर हाला खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या,
तेव्हाच समजलं. खुर्ची त्या कधी ओढत नाहीत.
गोळ्या दिल्या, दुखण्यापुरत्या.
रोवेनाने मोजे दिले नाहीत. कशाला देईल?

परतताना पाचव्या रिंगरोडला वादळ आलं,
पुढच्या ट्रकचे दिवे गेले, मग ट्रकच गेला.
कडेला घेतली. इंजिन चालू.
मागे ती थरथरत होती,
वारा नाव असून वाऱ्याला भ्यालेली.
मी हात मागे नेला.
माझा स्वतःचा जोड समोरच्या खणात होता,
वीतभर लांब. खण मी उघडला नाही.

तिने आधी मनगट हुंगलं.
मग तळवा चाटला, मग बोटांच्या बेचक्या,
सावकाश, एकेक,
जशी पिल्लाला चाटावी.
जीभ इतकी गरम असते हे मला ठाऊक नव्हतं.
सात वर्षांत.

धूळ बसली तसा उतरलो, डिकी उघडली.
पहिलं पाणी मातीचं. हात लाल, मग गढूळ, मग हात.
दोन, तीन, चार. शेजारून गाड्या हॉर्न देत गेल्या.
सहा.
ती मागच्या काचेला नाक लावून बघत होती,
काचेवर वाफेचा गोल येत होता, जात होता.
सातवं पाणी ओतलं.
डबा बंद करण्याआधी हलवून पाहिला.
माती बरीच उरली होती.